खाडीकाठची पक्षीगणना स्वयंसेवकांकडून करून घ्यायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलुंड-भांडुप भागातला तीसेक जणांचा गट नोव्हेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ७ वाजता ठाणे खाडीच्या काठावर पक्षी मोजतो. आकडे व्हॉट्सॲपवर जमतात. ते एका महिन्यात शेकड्यांत असतात, तर पुढच्या महिन्यात हजारांत. ते घेऊन सरकारी कार्यालयात गेलं तर कोणी फारसं मनावर घेत नाही, आणि गटातली माणसंही गळायला लागली आहेत. शेवटी विचारलंय, 'नोंदींसाठी कोणतं ॲप चांगलं?'

ॲपकडे शेवटी येऊ. अडचण ॲपची नाही. तुमच्या आकड्यांत पक्ष्यांची संख्या आणि खाडीच्या पाण्याची पातळी एकमेकांत मिसळली आहे. ती वेगळी करता येत नाही तोवर आकडा हजाराचा असो वा दहा हजारांचा, वाचणाऱ्याला त्यातून काहीच ठरवता येत नाही.

फ्लेमिंगो, पाणटिवळे आणि छोटे चिखलपक्षी ओहोटीला चिखलाच्या पट्ट्यावर दूरवर पांगतात. पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात, आणि पट्टा बुडाला की उठून मिठागरांवर, तळ्यांवर, बांधांवर विसाव्याला जातात. मुंबईत पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास असते, म्हणजे सकाळी ६ ला पूर्ण ओहोटी. त्या रविवारी ७ वाजता तुमच्यासमोर नुसता चिखल आणि लांबवर ठिपके. अष्टमीला मात्र भरती सकाळी सहाच्या सुमारास असते, आणि तुम्ही पोचता तेव्हा पाणी काठाला लागलेलं असतं.

'पहिला रविवार' ही शिस्त वाटते खरी, पण चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा आहे आणि दोन पहिल्या रविवारांत २८ किंवा ३५ दिवसांचं अंतर असतं. २८ दिवसांनी गेलात तर भरती सुमारे सव्वा तास लवकर येते, ३५ दिवसांनी गेलात तर साडेचार तास उशिरा. घड्याळ तेच, खाडी वेगळी. तुमच्या आकड्यांतली बरीचशी उडी इथूनच आली असणार.

म्हणून तारखा पंचांगावरून आणि भरतीच्या तक्त्यावरून काढा. कोकणात मच्छीमार वापरतात तो हिशेब सोपा आहे: तिथीला ३ ने गुणायचं, ४ ने भागायचं, की भरतीची वेळ तासांत मिळते. एकादशीला सव्वाआठ, चतुर्दशीला साडेदहा, शुद्ध पक्षात आणि वद्य पक्षातही. हा अंदाज वर्षाचं वेळापत्रक आखायला पुरतो. प्रत्यक्ष दिवसासाठी छापील तक्ताच बघा आणि त्यातली उंचीही लिहून ठेवा. साडेतीन मीटरची भरती आणि साडेचार मीटरची भरती एकाच जागेवरून वेगवेगळं दृश्य दाखवतात, कारण पहिलीत पट्ट्याचा वरचा भाग उघडाच राहतो. तक्ता मुंबई बंदराचा असतो. खाडीत आत जाल तशी भरती उशिरा लागते. किती उशिरा, हे आपल्या ठिकाणी मोजा: जेट्टीची पायरी किंवा खांब धरून दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी पाणी सर्वांत वर कधी गेलं ते लिहा आणि तो फरक पुढे कायम वापरा.

सकाळची गणना हवी असेल तर एकादशी ते चतुर्दशी या चार तिथींत येणारा शनिवार-रविवार सोयीचा. एखाद्या महिन्यात तो मिळणार नाही. तेव्हा एक महिना सोडा, पण भलत्या भरतीला मोजू नका. रिकामा महिना कोरा दिसतो आणि समजतो. चुकीच्या वेळी घेतलेला आकडा मात्र खऱ्यासारखा दिसत राहतो.

इथे एक गोष्ट तुमच्या काठावर अवलंबून आहे. शिवडी, भांडुप, मुलुंड हा पश्चिम काठ. सकाळी तिथून खाडीकडे बघताना सूर्य डोळ्यांवर असतो आणि पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. ऐरोली-वाशीच्या बाजूने सकाळचा उजेड पाठीमागून येतो. पश्चिम काठावर नेमकी ओळख हवी असेल तर पंचमी-षष्ठीची, म्हणजे दुपारी पावणेचार ते साडेचारच्या दरम्यानची भरती बघा. पण ती भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमजोर भरतीच्या, जवळची असते, पाणी कमी चढतं, म्हणून सकाळच्या उधाणाजवळच्या गणनेशी तिची तुलना करू नका. दोन्ही करायच्या असतील तर दोन वेगळ्या मालिका समजा. शिवाय फेब्रुवारीपासून दहानंतर चिखलावर झळा उठतात. स्कोपमधलं, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीतलं, चित्र थरथरतं आणि छोटे पक्षी एकमेकांत मिसळून जातात. त्यामुळे उन्हाळ्यात सकाळची गणना साडेनऊच्या आत आटपेल अशीच तिथी घ्या.

भरतीच्या किती आधी मोजायचं? मोसमाच्या सुरुवातीला एका दिवशी एका जागेवर चार-पाच जणांनी भरतीच्या चार तास आधीपासून बसावं आणि दर अर्ध्या तासाने दुर्बिणीच्या टप्प्यातले पक्षी मोजावेत. आकडा चढतो, काही काळ टिकतो, मग पक्षी उठून जातात आणि तो कोसळतो. टिकतो तो काळ तुमची खिडकी. चिखलपट्ट्यावर ती बहुधा भरतीच्या अडीच ते एक तास आधी असते. पट्टा उंच असेल तर उशिरा, सखल असेल तर लवकर. विसाव्याच्या जागी, म्हणजे मिठागर किंवा तळ्यावर, भरतीच्या अर्धा तास अलीकडे-पलीकडे मोजा.

आता जागा. तीस नावं यादीत असली तरी एका दिवशी बारा-पंधराच येतात, हे धरून चाला. प्रत्येक जागी तिघे लागतात: एक मोजणारा, एक लिहिणारा, आणि एक वेळ, पाणी आणि व्यत्यय बघणारा. म्हणजे चार जागा, फार तर पाच. पहिल्या मोसमात तीनच घेतल्यात तर जास्त बरं. तीन जागांची अखंड मालिका आठ जागांच्या तुटक मालिकेपेक्षा कितीतरी उपयोगी पडते. सगळ्या जागी एकाच वेळी मोजणं मात्र आवश्यक आहे. थवे भरतीला खाडीवरून नवी मुंबईच्या पाणथळ जागांकडे आणि परत असे ये-जा करतात. एका गटाने ८ ला आणि दुसऱ्याने ९ ला मोजलं तर तोच थवा दोनदा धरला जाईल. थवा उडाला तर किती वाजता, कुठल्या दिशेला आणि साधारण किती पक्षी, हे तिसऱ्या माणसाने लिहायचं. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेत तीसहून अधिक फ्लेमिंगो मेले. थवे कुठून कुठे आणि कधी उडतात याच्या साध्या नोंदी का हव्यात, ते यावरून कळतं.

प्रत्येक जागेला डावी आणि उजवी हद्द ठरवा. विजेचा मनोरा, पुलाचा खांब, चिमणी, असं काहीही चालेल, पण पुढची काही वर्षं हलणार नाही असं. साध्या ८×४२ दुर्बिणीने मोठे पक्षी अर्ध्या किलोमीटरपर्यंत आणि स्कोप असेल तर फ्लेमिंगो किलोमीटरभर मोजता येतात. लिटल स्टिंटसारखे चिमुकले तीनशे मीटरपलीकडे नावानिशी लिहू नका. हद्दी दाखवणारा फोटो छापून फॉर्म लिहायच्या प्रत्येक फळीला चिकटवा, म्हणजे नवा माणूस आला तरी चौकट तीच राहते. समोर काही बदललं, नवा बांध झाला, पूल उभा राहिला, तर त्याची तारीख जागेच्या वहीत गेलीच पाहिजे. ठाणे खाडीच्या काठावर हे सतत घडतं. शिवडीहून निघणारा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीला खुला झाला. अशी नोंद नसेल तर पाच वर्षांनी आकडे बघणारा माणूस पक्षी घटले की दृश्य अडलं या संभ्रमात पडेल.

मोजायची पद्धत सगळ्यांची एकच हवी. डावीकडून उजवीकडे एकदाच जायचं. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी खरोखर मोजा, ते दुर्बिणीत किती जागा घेतात ते डोळ्यांत ठेवा आणि त्या मापाने पुढे सरका. हजारांचा थवा असेल तर माप पन्नासाचं किंवा शंभराचं घ्या. थव्याच्या कडेला पक्षी विरळ असतात आणि मध्ये दाट, म्हणून कडेवर घेतलेलं माप मध्ये लावलं की आकडा कमी येतो. माप दोन्हीकडे घेऊन बघा. तीनदा मोजा, तिन्ही आकडे लिहा, मधला वापरा. मोजून पुढे गेल्यावर मागे नवे पक्षी उतरले तर ते धरायचे नाहीत. दाट थव्याचे एकमेकांवर थोडे चढणारे फोटो काढून घरी संगणकावर प्रत्येक पक्ष्यावर ठिपका देत मोजले, की कोण किती चुकतं ते कळतं. नवशिके बहुधा कमीच मोजतात.

याची तालीम घरात होते. काळ्या कागदावर मूठभर तांदूळ टाका, दहा सेकंद दाखवा, झाका, अंदाज लिहायला सांगा, मग दाणे मोजा. पंधरा-वीस वेळा केलं की माणसाची नजर बसते. हे दोन तासांचं सत्र झाल्याशिवाय कोणालाही 'मोजणारा' करू नका. लिहिणारा म्हणून पहिल्या दिवसापासून येऊ द्या.

ओळखीबाबत एकच आग्रह धरा: माहीत नसेल तर तसं लिहायचं. लेसर (लहान) फ्लेमिंगोची चोच गडद किरमिजी आणि लांबून काळपट दिसते. ग्रेटरची (मोठ्याची) गुलाबी, फक्त टोकाला काळी. लांब असतील किंवा मान घालून झोपले असतील तर 'फ्लेमिंगो, प्रकार अनिश्चित' ही नोंद पूर्णपणे योग्य आहे. छोट्या चिखलपक्ष्यांसाठीही 'छोटे चिखलपक्षी, ओळख नाही' असा रकाना ठेवा. तो नसला की लोक शेजारच्याचं नाव ऐकून तेच लिहितात आणि यादी दिसायला छान, पण आतून पोकळ होते.

फॉर्म कागदी ठेवा, एका पानाचा, आणि पेन्सिलने भरा. जागेचा क्रमांक, तारीख, सुरुवात आणि शेवट, तिघांची नावं, भरतीची वेळ आणि उंची, दृश्यता, वारा. मग पक्षी, आकडा, आणि आकडा कसा आला: मोजून, अंदाजाने की फोटोवरून. त्याखाली व्यत्यय: कुत्री, होड्या, ड्रोन, जवळ गेलेले छायाचित्रकार, ससाणा किंवा घार, आणि त्यामुळे किती पक्षी उठले. गटाने आधी ठरवलेले दहा-बारा पक्षी फॉर्मवर छापलेलेच असू द्या. त्यातला जो दिसला नाही त्याच्यापुढे ० लिहायचं. रकाना कोरा सोडला तर 'नव्हता' की 'बघितलाच नाही' हे कोणालाच सांगता येत नाही, आणि पुढच्या सगळ्या विश्लेषणाचा पाया हाच आहे. 'भरपूर', 'शेकडो', 'असंख्य' हे शब्द फॉर्मवर चालणार नाहीत.

अधिवासाची नोंद याच फेरीत होते. प्रत्येक जागेवरून तीन ठरलेल्या दिशांना, झूम न करता, त्याच उंचीवरून फोटो. कांदळवनात डेब्रिज पडलंय का, मिठागरात किंवा तळ्यात पाणी येणारा नाला बुजलाय का, पाण्याचा रंग किंवा वास बदललाय का, हे तीन प्रश्न. स्थलांतरित पक्षी कमी असतात त्या जून ते सप्टेंबरमध्ये महिन्यातून एकदा फक्त एवढंच करा. यंत्रणेकडे जायचं तर याच फोटोंचा उपयोग सर्वांत लवकर होतो, कारण एखाद्या ठिकाणचा नाला मार्चमध्ये वाहता होता आणि जूनमध्ये बुजला, हे दाखवायला पाच वर्षांची आकडेवारी लागत नाही.

सुरक्षेचे नियम थोडे, पण न मोडता येणारे. चिखलात कोणीही उतरायचं नाही. तो गुडघ्याच्या वर खेचतो आणि पाणी मागून चढतं. एकट्याने जागेवर थांबायचं नाही. ठाणे खाडीचा जो भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे कामासाठी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी हवी आणि त्या पत्राची प्रत प्रत्येक गटाकडे असावी. काठावरच्या कोळी बांधवांना आधी भेटा. कोणत्या महिन्यात पक्षी कुठे बसतात आणि कुठला बांध खचलाय, हे त्यांना ठाऊक असतं. घरटी आणि विसाव्याच्या जागांचे नेमके पत्ते समाजमाध्यमांवर टाकू नका. पुढच्याच रविवारी तिथे गर्दी होते.

माणसं का गळतात? कंटाळ्यापेक्षा मोठं कारण म्हणजे दिलेल्या आकड्याचं पुढे काय झालं ते त्यांना कधीच कळत नाही. गणनेनंतर दोन दिवसांत एक छोटा संदेश गेला पाहिजे: प्रत्येक जागेचा आकडा, मागच्या तशाच भरतीचा आकडा आणि एखादी लक्षात राहण्याजोगी नोंद. तारखा मोसमाच्या सुरुवातीलाच सगळ्या जाहीर करा. परीक्षा, सण, लग्नसराई पाहून लोक आपापले दिवस देतात. लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक विसरू नका. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होतो, त्यामुळे सकाळच्या गणनेला जाताना प्रश्न नसतो, परतताना असतो. प्रत्येक भूमिकेला एक राखीव माणूस हवा. आणि माणसांचं बघणारा समन्वयक व नोंदींचं बघणारा समन्वयक हे दोन वेगळे असू द्या. एकाच माणसावर दोन्ही टाकलं की मोसमाच्या मध्यावर नोंदी चढवायच्या राहतात, हे जवळपास ठरलेलं असतं.

आत्तापर्यंतचं एका ओळीत: तारीख भरतीवरून, जागा थोड्या आणि हद्दींसह, मोजणी एकाच वेळी, शून्य लिहून, आणि निकाल दोन दिवसांत परत.

आता ॲप. कागदी फॉर्मचा फोटो त्याच दिवशी सामायिक ड्राइव्हवर टाका. मग एकाने गूगल शीटमध्ये चढवायचं आणि दुसऱ्याने ताडायचं. एका ओळीत एक जागा, एक दिवस, एक पक्षी. सेल एकत्र करू नका, रंगांतून अर्थ सांगू नका, आणि मूळ आकडा कधी पुसू नका. दुरुस्ती शेजारच्या रकान्यात, कारणासह. ही शीट तुमचा मुख्य दस्तऐवज. त्याची प्रत ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर जरूर टाका: एका जागी उभं राहून केलेली, दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी म्हणून, आणि आकड्याऐवजी 'एक्स' (म्हणजे 'दिसला, पण मोजला नाही') न वापरता. त्यासाठी फॉर्मवर न छापलेले पक्षीही खाली लिहून घ्यावे लागतील. एकानेच यादी भरून बाकीच्यांना शेअर करायची, नाहीतर एकच थवा तीन वेळा नोंदला जाईल. ईबर्डमध्ये भरतीसाठी वेगळा रकाना नाही, ती टिप्पणीत लिहा. आयनॅचरलिस्ट मात्र एकेका जिवाच्या फोटोसाठी उत्तम आहे. खेकडे, निवट्या, फुलपाखरं, खारफुटीच्या जाती तिथे द्या. थव्यांच्या गणनेसाठी ते बनलेलं नाही. पक्ष्याच्या पायात रंगीत पट्टी दिसली तर कोणत्या पायात, वरून खाली कोणते रंग आणि काही अक्षरं असल्यास ती, एवढं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा. आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीत होते. तुमची एक तारीख तिच्या काळात बसवलीत तर तुमचे आकडे आपोआप मोठ्या चित्रात जातात.

दर मोसमात दोनदा एकाच जागी दोन गट एकमेकांशी न बोलता मोजू द्या. फरक वीस टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर पुन्हा तांदळाची तालीम. हा फरकही अहवालात छापा. कार्यालयातल्या जाणकार अधिकाऱ्याचा विश्वास बसतो तो इथे. अहवाल एका पानाचा करा: नकाशा, पद्धत चार ओळींत, आकडे, आणि एकच मागणी. एका मोसमावरून 'पक्षी घटले' असं लिहू नका. तीन ते पाच मोसम त्याच पद्धतीने झाले की मगच वाढ-घट बोलता येते. पहिल्या वर्षी ठामपणे सांगता येतं ते एवढंच: कोणत्या भरतीला कोणती जागा पक्षी वापरतात, आणि त्यांना तिथून कशामुळे उठावं लागतं. संरक्षणाची मागणी करायला हेही पुरेसं वजनदार असतं.

नोव्हेंबरपासून जमलेल्या नोंदी फेकू नका. व्हॉट्सॲपच्या संदेशांवर तारीख आणि वेळ आहेच. जुना भरतीचा तक्ता घ्या, प्रत्येक आकड्यापुढे त्या वेळी भरतीला किती तास होते ते लिहा. जे आकडे तुम्ही नंतर ठरवलेल्या खिडकीत बसतील ते 'जुनी नोंद, हद्द अनिश्चित' असा शेरा मारून शीटमध्ये घ्या. न बसणारेही वेगळ्या पानावर ठेवा. ओहोटीला काय दिसतं, याची ती तुमच्याकडची पहिली नोंद आहे.